खोली रिकामी

१

रेडिओ केंद्रात बाईंचं काम होतं जोडायचं. वृत्तनिवेदकाचा खोकला काढायचा, मंत्र्यांच्या भाषणातलं ‘म्हणजे काय की’ काढायचं, आणि ध्वनिफितीची कापलेली टोकं चिकटपट्टीने अशी जुळवायची की ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. हातात ब्लेड, डोळ्यांवर चष्मा, कानांवर हेडफोन. ‘आयुष्यभर मोठ्या लोकांची तोंडं निस्तरली मी,’ असं त्या हसत सांगायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

त्यांचे यजमान त्याच केंद्रात ध्वनिमुद्रक होते. देशाच्या अध्यक्षांना सगळा देश ‘थोरले’ म्हणायचा. थोरल्यांचा सकाळचा संदेश रोज लागायचा, आणि तो मुद्रित करायला यजमान यंत्राची पेटी घेऊन त्यांच्या बंगल्यावर जायचे. संदेश सांगून झाला की थोरले उठून आतल्या दाराने निघून जात. यजमान मात्र यंत्र चालूच ठेवत. माइकजवळ तोंड नेऊन दोनच शब्द म्हणत, ‘खोली रिकामी’, आणि मग बराच वेळ नुसती शांतता मुद्रित करत बसत.

ही शांतता फुकट जात नाही. एखादा शब्द कापून टाकला की तिथे भोक पडतं. त्या जागी कोरी फीत लावली तर मेल्यासारखं वाटतं आणि अडाण्यालाही समजतं की इथे कुणीतरी हात घातलाय. म्हणून त्याच खोलीची शांतता त्या भोकात भरावी लागते. गालिचा, पडदे, पुस्तकांची कपाटं, माणसं बसून खोलगट झालेल्या खुर्च्या, सगळ्यांचा मिळून खोलीला एक आवाज असतो. बाईंना थोरल्यांच्या खोलीचा आवाज स्वतःच्या स्वयंपाकघरासारखा ठाऊक होता, जरी त्या तिथे कधी गेल्या नव्हत्या.

‘खोली रिकामी म्हणता खरं,’ बाई नवऱ्याला चिडवायच्या, ‘मग त्या खोलीत तुम्ही कोण असता?’

‘मला कशाला धरतेस त्यात,’ ते म्हणायचे. ‘मी कामावर असतो.’

बोलणं इतकंच. केंद्रात त्यांना सगळे मौनीबाबा म्हणायचे. पण बाईंच्या कानांपासून त्यांना लपता यायचं नाही. तरुणपणी एकदा हे गृहस्थ तंद्रीत चालता चालता स्टुडिओच्या काचेच्या दारावर आदळले होते. तेव्हापासून श्वास आत घेताना त्यांच्या नाकातून अगदी बारीक शीळ यायची. दुसऱ्या कुणाला ती ऐकू येत नसे. बाईंना मात्र ती प्रत्येक शांततेत, थोरल्यांच्या प्रत्येक दोन शब्दांच्या मधे ऐकू यायची. ती काढून टाकायचं त्यांच्या कधी मनात आलं नाही.

२

नव्या पुलाच्या उद्घाटनाला थोरले आले नाहीत. मंडप भरला, बँडवाले वाजवून वाजवून दमले, रिबिनीची कात्री मखमलीच्या उशीवर उन्हात तापत पडली, आणि शेवटी कुणा उपमंत्र्याने घाईघाईने रिबीन कापली. दुसऱ्या दिवशी बंगल्यावरून गाडी आली आणि मौनीबाबांना पेटीसकट घेऊन गेली.

‘मुक्काम करावा लागेल म्हणतायत,’ ते पायात बूट घालता घालता म्हणाले. ‘दोन-चार दिवस.’

‘मुक्काम कसला? संदेश मुद्रित करायचा, परत यायचं.’

‘मला काय माहीत? बोलावलंय.’

बाईंनी डब्यात काहीतरी भरून दिलं, रुमाल दिला, आणि दार लावून घेतलं. नीट निरोपसुद्धा घेतला नाही. कामावर जाणाऱ्या माणसाचा कुणी निरोप घेतं का?

त्यानंतर रोज सकाळी गाडी यायची आणि ड्रायव्हर फितीचा डबा बाईंच्या टेबलावर ठेवून जायचा. पहिल्या दिवशी त्यांनी फीत लावली तर तिच्यावर संदेश नव्हताच. यजमानांचा आवाज आला, ‘खोली रिकामी’, आणि पुढे फीत संपेपर्यंत शांतता.

संचालक दार ओढून घेऊन आत आले. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण भित्रे होते. ‘बाई, थोरल्यांचा घसा बसलाय,’ ते म्हणाले. ‘आपल्याकडे त्यांची जुनी भाषणं ढीगभर आहेत. त्यातून संदेश तयार करा. शांतता आलीच आहे ताजी. तुमच्यासारखं जोडकाम कुणाला जमत नाही, आणि हे आपल्या दोघांतच राहू द्या.’

बाईंनी चष्मा पुसला. मोठ्या माणसाचा घसा बसला तर देशाने काय उपाशी राहायचं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. घरं बांधण्याच्या जुन्या भाषणातून त्यांनी ‘प्रत्येक कुटुंबाला हक्काची खोली’ घेतलं, दुष्काळाच्या भाषणातून ‘आपली कोठारं रिकामी राहणार नाहीत’ घेतलं, मधे मधे शांतता भरली, आणि दुपारच्या आत असा संदेश तयार केला की स्वतः थोरल्यांनी ऐकला असता तर आपण हे कधी बोललो ते आठवत बसले असते.

जोडताना शांततेत शीळ ऐकू आली. बाईंच्या जिवात जीव आला. बरे आहेत, सर्दी नाही, झोप झालेली दिसतेय. इतकं सगळं त्यांना एका श्वासावरून समजायचं.

३

थोरले दिसत नाहीत म्हटल्यावर देशाला दुसरा विषय उरला नाही. केंद्राच्या कँटीनमध्ये चहापेक्षा अफवा जास्त उकळायला लागल्या.

‘पाय मोडलाय,’ वृत्तनिवेदक म्हणाला. बातम्या वाचताना त्याचा आवाज घोगरा आणि भारदस्त असायचा, कँटीनमध्ये तो चिरका व्हायचा. ‘न्हाणीघरात घसरले. आमच्या मेहुण्याचा डॉक्टर मित्र आहे.’

‘काही नाही, परदेशी गेलेत. हवापालटाला,’ टेलिफोनवाली म्हणाली.

‘मग सकाळी बोलतं कोण? तुमचा मेहुणा?’

‘दाढी वाढवतायत,’ कँटीनवाला चहा गाळता गाळता म्हणाला. ‘एकदम दाढी घेऊनच बाहेर पडणार. त्यांना आवडतं तसलं.’

सगळे हसले. मग कुणीतरी खालच्या आवाजात म्हणालं, ‘गेले असतील. बर्फात ठेवलं असेल.’ हसू थांबलं आणि सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

‘बाईंना विचारा की,’ वृत्तनिवेदक म्हणाला. ‘मौनीबाबा तिथेच मुक्कामाला आहेत. काय बाई, थोरले कसे आहेत म्हणतात?’

‘ते घरी तरी कुठे काही म्हणतात?’ बाई म्हणाल्या, आणि पुन्हा हशा पिकला.

जिना चढताना त्यांच्या लक्षात आलं की सगळा देश थोरल्यांची चौकशी करतोय आणि मौनीबाबा कसे आहेत हे अजून एकाही माणसाने विचारलेलं नाही. त्यांना त्या हसणाऱ्या तोंडांचा राग आला.

त्या दिवशीची फीत लावली, आणि ‘खोली रिकामी’ ऐकून त्यांचा हात थबकला. आवाज यजमानांचाच होता. पण शब्द संपल्यावर तो खोलीत थोडा जास्त रेंगाळला होता. त्यांनी फीत मागे घेऊन पुन्हा ऐकली. गालिचा काढलाय, त्यांना वाटलं. धुवायला दिला असेल.

दोन दिवसांनी पडदे गेले. त्यानंतर कपाटं. कागदाने भरलेल्या कपाटाजवळ आवाज मऊ होतो, तो मऊपणा गेला होता. ‘खोली रिकामी’ आता भिंतीवर आपटून परत येत होतं. दर खेपेला आवाज माइकपासून थोडा लांब गेलेला असायचा, माणूस एकेक पाऊल मागे सरकत असावा तसा.

रंगकाम काढलं असेल, असं बाईंनी स्वतःला बजावलं. मोठ्या लोकांच्या घरी रंगकाम कधी संपतच नाही. पण रंगकाम चालू असलेल्या खोलीत कुणी शांतता मुद्रित करायला बसवेल का? मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

४

‘बंगल्यात काही काम काढलंय का?’ त्यांनी संचालकांना विचारलं.

‘कसलं काम?’

‘खोली रिकामी करतायत. सामान काढून नेलंय.’

संचालकांनी आधी दाराकडे पाहिलं, मग बाईंकडे. ‘तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘ऐकू येतंय.’

‘बाई,’ ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम थकलेला दिसला, ‘मी परवाच जाऊन आलो. दारापर्यंत. दार उघडं होतं, लांबून पाहिलं. गालिचा आहे, पडदे आहेत, सगळं जिथल्या तिथे आहे. थोरल्यांच्या टेबलावर फुलंसुद्धा ताजी होती.’

‘आणि हे? आमचे हे दिसले?’

‘मी सांगितलं ना, लांबून पाहिलं.’

‘बसलेले दिसले का नाही, इतकंच सांगा.’

‘तुम्ही दमलाय,’ संचालक म्हणाले. ‘रोज फीत येतेय म्हणजे माणूस आहेच ना? भूत थोडंच मुद्रित करणार आहे?’ त्यांनी हसायचा प्रयत्न केला आणि तो फसला.

बाई खाली येऊन ड्रायव्हरला गाठून उभ्या राहिल्या. तो गाडीची काच पुसत होता. बरा माणूस होता, त्याला दोन लहान मुली होत्या, बाई कधी कधी त्यांच्यासाठी गोळ्या द्यायच्या.

‘तुला आमचे हे भेटतात का रे रोज? फीत कोण देतं तुझ्या हातात?’

‘हातात नाही देत कुणी. दाराबाहेर बाक आहे, त्याच्यावर डबा ठेवलेला असतो. मी उचलतो.’

‘आणि जेवण?’

‘ताट आत जाताना पाहिलंय की मी. रिकामं बाहेर येतं. म्हणजे जेवतायत बाई, काळजी नका करू.’

बाईंना बरं वाटलं, आणि लगेच वाटेनासं झालं. ‘ताटं किती जातात?’

ड्रायव्हरचा काचेवरचा हात थांबला. असा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता, आणि आता पडायला नको होता. ‘एकच,’ तो म्हणाला. मग फडका पिळत म्हणाला, ‘मला यातलं काही माहीत नाही हां बाई. मी आपला गाडी चालवतो.’

५

घरी लेक होती. शाळेत शिकवायची, लग्नाची घाई नाही म्हणायची, आणि वडिलांवर तिचा भारी जीव. संध्याकाळी दोघी जेवायला बसल्या की तिसरी खुर्ची नजरेत यायची.

‘बाबांना एक फोन करायला देत नाहीत म्हणजे काय? तुरुंगात आहेत का ते?’

‘मोठ्यांचं घर आहे. तिथले नियम असतात.’

‘आई, तू खरं सांगत नाहीयेस.’

बाईंनी ताटात पाहिलं. संदेशाचं त्यांनी लेकीलाही सांगितलेलं नव्हतं. तोंडाला कुलूप घातलं की मनातलं बाहेर येत नाही, पण आत सडायला लागतं. त्या उठल्या आणि कपाटातून यजमानांचा करडा स्वेटर काढला. घडी घालून कागदात गुंडाळला आणि वरून दोरीची गाठ मारली, आपली नेहमीची, दोनदा फिरवून आत खुपसलेली. सकाळी ते पुडकं ड्रायव्हरच्या हवाली केलं. ड्रायव्हरने ते बाकावर ठेवलं, आणि संध्याकाळी बाक रिकामा होता असं सांगितलं.

पण फितीवर काही फरक नव्हता. शीळ होती. बारीक, लांब, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला.

मग बाईंनी नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. बंगल्यात रेडिओ असणारच, आणि हे कुठेही असले तरी संदेश ऐकणारच, स्वतःची शांतता नीट बसली की नाही ते तपासायला. फार वर्षांपूर्वी वादळात अडकलेल्या मच्छीमारांना थोरले बोलले होते, ‘सुखरूप घरी या.’ बाईंनी ते शोधून काढलं. ‘सुखरूप’ची फीत फारच खराब झाली होती, म्हणून ते सोडलं. ‘घरी’ आणि ‘या’ घेतलं, मधे नवऱ्याचा एक श्वास ठेवला, आणि संदेशाच्या शेवटी लावून दिलं. घाईत जोड जरा जाड झाला. त्यांच्या इतक्या वर्षांतला तो एकच जोड असेल जो ऐकू येत होता.

‘घरी… या.’

देशात गदारोळ उडाला. थोरले हद्दपार झालेल्यांना परत बोलावतायत, असं वृत्तनिवेदक म्हणाला. फौज सीमेवरून मागे घेणार, असं टेलिफोनवालीचं मत पडलं. बंगल्याच्या फाटकाशी लोक जमले आणि आम्हालाच बोलावलंय म्हणून आत सोडायची मागणी करायला लागले. कुणी रडतही होतं. दोन शब्दांसाठी लोक इतके भुकेलेले असतील हे बाईंना माहीत नव्हतं. त्यांना लाज वाटली, पण तेवढ्यापुरतीच. त्या उद्याच्या फितीची वाट पाहत होत्या.

६

फीत आली. बाईंनी दाराला कडी घातली, हेडफोन लावला.

‘खोली. रिकामी.’

आवाज थोरल्यांचा होता.

पहिल्यांदा त्यांना चक्क आनंद झाला. म्हणजे थोरले आहेत, धडधाकट आहेत, आणि थट्टेच्या मूडमध्ये आहेत, यजमानांच्या शेजारी बसून त्यांचेच शब्द म्हणतायत. मग त्यांनी पुन्हा ऐकलं, आणि हातातलं ब्लेड खाली ठेवून दिलं.

‘खोली’ घरांच्या भाषणातली होती. तिच्या शेवटी थोरल्यांचा घसा किंचित खरखरायचा, ती खरखर तिथे होती. ‘रिकामी’ दुष्काळाच्या भाषणातलं होतं, त्याच्या मागे कुठेतरी दूर मंडपात मूल रडत होतं, तेही होतं. आणि दोन शब्दांच्या मधे जोड होता. बाईंचा जोड. शिवणाऱ्या बाईला स्वतःची टीप ओळखू येते तसा त्यांना स्वतःचा जोड कुठेही ओळखू आला असता.

पण हे दोन शब्द त्यांनी कधी एकमेकांना जोडलेच नव्हते.

दुसऱ्या कुणीतरी केलं असेल, त्यांनी ठरवून टाकलं. बंगल्यात दुसरा माणूस बसवला असेल, आपले संदेश मुद्रित करून घेऊन कापत असेल. मग त्यांनी फीत उजेडात धरून सगळी बोटांखालून सरकवली. ती सलग होती. कुठे काप नव्हता, चिकटपट्टी नव्हती. आणि आवाजाभोवती ती उघडी खोली होती, भिंतीवर आपटून परत येणारी. तो आवाज त्या खोलीत उभं राहून बोलला होता. बाईंनी आजवर जेवढे शब्द त्याच्या तोंडी घातले, तेवढेच त्याच्यापाशी होते.

त्या दोन शब्दांनंतर शांतता होती. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली. फीत संपून चाकावर फटफट करायला लागली तरी त्या ऐकत होत्या. शीळ नव्हती. एकही श्वास नव्हता. खोली खरोखरच रिकामी होती.

त्या टेबलावर डोकं टेकून रडल्या. आवाज न करता रडायची त्यांना सवय होती, स्टुडिओत वावरणाऱ्या माणसाला असतेच. बाहेर संचालक दार ठोठावत होते. ‘बाई, संदेश झाला का? लोक फाटकावर चढतायत.’

संदेश द्यायलाच हवा होता. पण ती फीत वापरायला त्यांचं मन धजेना. त्यांनी आधीच्या दिवसांचे डबे काढले, आणि जिथे जिथे यजमानांचा श्वास होता तो प्रत्येक तुकडा कापून घेतला. थोरल्यांच्या जुन्या भाषणातली चार साधी वाक्यं निवडली आणि त्यांच्या मधे श्वास भरले. दोन शब्दांना एक श्वास, दोन शब्दांना एक श्वास. नवरा कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. निदान इतकी जागा तरी त्या त्याला देऊ शकत होत्या.

७

त्या संदेशावर लोक वेडे झाले. ‘श्वास ऐकू येतो!’ रस्त्यातल्या प्रत्येक दुकानात तेच चाललं होतं. थोरले जिवंत आहेत, बर्फाबिर्फाच्या गोष्टी करणाऱ्यांची तोंडं काळी झाली, दमलेत बिचारे, पण आपल्यासाठी बोलतायत. वृत्तनिवेदकाचे डोळे भरून आले. फाटकाशी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली.

बाई घरी आल्या तेव्हा लेक रेडिओपाशी जमिनीवर बसली होती. शाळेत गेलीच नव्हती. संदेश दुपारी पुन्हा लागला होता, आता संध्याकाळी तिसऱ्यांदा लागत होता.

‘आई,’ ती म्हणाली, ‘हे बाबा आहेत.’

बाईंनी पिशवी खाली ठेवली.

‘शब्दांच्या मधे. ऐक ना. मी लहान असताना ताप आला की ते रात्रभर उशाशी बसायचे. काही बोलायचे नाहीत, नुसता हा आवाज यायचा. शीळ. तो ऐकला की मला झोप लागायची.’ तिने आईकडे पाहिलं. ‘बाबा थोरल्यांच्या आत कसे गेले?’

बाईंनी लेकीला पोटाशी धरलं. त्यांना वाटत होतं की तो आवाज जगात आपल्या एकटीलाच ऐकू येतो. दोघी तशाच बसून राहिल्या आणि सगळा देश ज्याला थोरले समजत होता त्या माणसाचा श्वास ऐकत राहिल्या. संदेश संपला. लेकीने रेडिओ बंद केला नाही.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली ती रिकाम्या हाताने.

‘फीत नाही,’ ड्रायव्हर म्हणाला. तो बाईंच्या नजरेला नजर देत नव्हता. ‘तुम्हाला बोलावलंय.’

संचालक जिन्यात उभे होते. ‘शांतता संपली म्हणतात,’ ते म्हणाले. ‘ताजी हवीय. तुम्हाला यंत्र चालवता येतं. बाई, नाही म्हणायचं असेल तर…’ पण नाही म्हणायचं बाईंच्या मनातच नव्हतं. त्यांनी फोनवरून लेकीला सांगितलं, ‘बाबांकडे जातेय. दार नीट लाव.’ आणि फोन ठेवण्याआधी म्हणाल्या, ‘जेवून घे.’

खोलीबाहेर बाक होता. दार उघडं होतं. दारातून बाईंना गालिचा दिसला, पडदे दिसले, पुस्तकांची कपाटं, टेबलावर ताजी फुलं. संचालक खोटं बोलले नव्हते. त्या आत गेल्या, मागे कुणीतरी दार ओढून घेतलं, आणि त्यांचं पाऊल उघड्या फरशीवर वाजलं.

पायांखाली गालिचा दिसत होता. पाऊल फरशीवर वाजत होतं.

कोपऱ्यात एक खुर्ची होती. खुर्चीवर कागदाचं पुडकं होतं, त्याची गाठ तशीच, दोनदा फिरवून आत खुपसलेली. शेजारी यजमानांची पेटी, झाकण बंद, बकलं लावलेली. बाईंनी झाकणावरून बोट फिरवलं आणि बोटाला धूळ लागली. इतक्या दिवसांत ती पेटी कुणी उघडलेलीच नव्हती.

‘अहो,’ त्यांनी हळूच हाक मारली. ती हाक भिंतीवर आपटून परत आली.

त्यांनी पेटी उघडली. कोरी फीत लावली, माइक मांडला, हेडफोन कानांवर चढवला आणि चाकं सुरू केली.

शीळ होती.

अगदी जवळ, कानाशी. श्वास आत, बारीक शीळ, श्वास बाहेर. बाईंनी झटकन हेडफोन काढला. खोलीत काही नव्हतं. पुन्हा लावला. होती. त्यांनी माइक धरून हळूहळू फिरवला, आणि खुर्चीच्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, शीळ सगळ्यात स्पष्ट झाली. तिथे त्यांनी हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही. मग त्यांनी पुडक्याची गाठ सोडली, स्वेटर उलगडला आणि खुर्चीच्या पाठीवर नीट पसरून ठेवला. इथे गारठा होता आणि यांना छातीचा त्रास होता.

आतलं दार, ज्यातून थोरले उठून जायचे, बोटभर उघडं होतं. पलीकडे अंधार होता. त्या फटीतून आवाज आला, सगळ्या देशाच्या ओळखीचा, शांत, समजूतदार. दोन शब्दांच्या मधला जोड जरा जाड होता.

‘घरी. या.’

हेडफोनमधली शीळ एकदम थांबली. लपलेला माणूस श्वास रोखून धरतो तशी. बाई दाराकडे पाहत राहिल्या. फट आता बोटभराहून थोडी मोठी वाटत होती, पण त्यांना खात्री देता आली नसती. खूप वेळाने, भीत भीत, शीळ पुन्हा सुरू झाली.

मागचं दार ओढून पाहायचा विचार त्यांच्या मनात आला. उठलं तर हेडफोन काढावा लागणार होता. त्या उठल्या नाहीत. खुर्चीशेजारी फरशीवर बसल्या, पाठ खुर्चीच्या पायाला टेकवली. चाकं फिरत होती आणि यजमान नेहमी म्हणत ते दोन शब्द अजून म्हणायचे राहिले होते. बाईंनी माइक तोंडाजवळ घेतला.

‘खोलीत माणूस आहे,’ त्या म्हणाल्या.

ही फीत उद्या कुणीतरी कापेल, जोडेल. जोडणारं माणूस मिळतंच. सकाळी लेक रेडिओपाशी जमिनीवर बसेल आणि शब्दांच्या मधे कान लावील. बाईंनी नाकाने एक लांब, मोठा श्वास घेतला, जरा जास्तच आवाज करून, तिला ओळखू यावा म्हणून.